जुना कॅमेरा, नवा रेकॉर्डर : जोडणीचा प्रश्न आणि त्याची उकल

ग्रामपंचायत कार्यालये, शाळा, आरोग्य केंद्रे, बाजार समित्या अशा सार्वजनिक ठिकाणी दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसविण्यात आलेल्या सीसीटीव्ही यंत्रणांचे नूतनीकरण करण्याची वेळ आता आली आहे. शाळांच्या आवारात कॅमेरे बसविणे राज्य शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंधनकारक केल्यापासून मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्या यांच्यापुढेही हा विषय उभा राहिला आहे. नवी यंत्रणा घ्यावयाची म्हटली की बहुधा नेटवर्क व्हिडिओ रेकॉर्डर, म्हणजेच एनव्हीआर, घेतला जातो. यंत्र येते, खोके उघडले जाते, आणि मग ध्यानात येते की, भिंतीवरील जुन्या कॅमेऱ्याच्या केबलीचे टोक या यंत्रात कोठेच बसत नाही. केबलीच्या टोकाला असतो फिरवून अडकविण्याचा गोल बीएनसी जोड; यंत्राच्या पाठीवर असतात संगणकाच्या जाळ्याच्या चौकोनी आरजे-४५ खाचा.

अशा वेळी दोन प्रकारचे सल्ले मिळतात. जुने कॅमेरे सगळेच काढून टाका, हा एक. आणि बाजारात एक लहानसा जोड मिळतो तो लावा म्हणजे झाले, हा दुसरा. पहिला सल्ला पुष्कळदा अकारण खर्चाचा असतो. दुसरा मात्र सर्वस्वी चुकीचा आहे. जुना कॅमेरा नव्या रेकॉर्डरला जोडता येतो. पण त्यासाठी मध्ये काय लागते, आणि जोडल्यानंतर त्या कॅमेऱ्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे खरेदीची मागणी लिहिण्यापूर्वी माहीत असणे अगत्याचे आहे.

मूळ भेद कोठे आहे?

जुना कॅमेरा ज्या संकेतात बोलतो तो दूरचित्रवाणीचा संकेत होय. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळापासून आपल्या देशात दूरचित्रवाणीचे चित्र ६२५ आडव्या ओळींचे आणि सेकंदाला २५ वेळा बदलणारे असे ठरलेले होते. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले ते ‘पाल’ या पद्धतीने. जुन्या कॅमेऱ्यातून निघणारा विद्युत्‌संकेत नेमका याच घाटाचा असतो. चित्रातील उजेड जसा कमीअधिक होईल तसा तारेतील विद्युत्‌दाब अखंडपणे कमीअधिक होत राहतो. यालाच ॲनालॉग म्हणतात. जर्मनीत १९४२ मध्ये अग्निबाणांचे उड्डाण दुरून पाहण्यासाठी बंद वर्तुळाची दूरचित्रवाणी वापरली गेली. तिची उभारणी करणारे अभियंते वाल्टर ब्रुख यांनीच पुढे पाल पद्धत विकसित केली. आपल्या कार्यालयाच्या दारावरील जुना कॅमेरा हा अशा रीतीने दूरचित्रवाणीच्या घराण्यातला आहे.

एनव्हीआरचे घराणे निराळे. तो वस्तुतः एक संगणकच आहे. त्याला विद्युत्‌दाबाचे चढउतार कळत नाहीत. त्याला हवे असते आकड्यांत रूपांतरित झालेले, आवळून लहान केलेले आणि संगणकाच्या जाळ्यावरून लहान लहान पुडक्यांनी आलेले चित्र. असे चित्र स्वतःच तयार करून पाठविणारा पहिला नेटवर्क कॅमेरा ॲक्सिस या स्वीडिश कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणला. एनव्हीआर अशा कॅमेऱ्यांसाठी घडविलेला आहे. चित्र आकड्यांत आणण्याचे आणि आवळण्याचे काम कॅमेऱ्याने आधीच केलेले असते, हे तो गृहीत धरतो. जुन्या पद्धतीत हे काम कॅमेरा करीत नव्हता, डीव्हीआर नावाचा रेकॉर्डर करीत होता. तो डीव्हीआर काढून त्या जागी एनव्हीआर ठेवला की हे काम करणारा कोणीच उरत नाही. सगळी अडचण एवढ्यात सामावली आहे.

महसूल खात्यातील वाचकांना हे एका उदाहरणावरून सहज पटेल. जुन्या दप्तरातील मोडी लिपीतले कागद नव्या लिपिकापुढे ठेवले, तर तो हुशार असूनही ते त्याला वाचता येत नाहीत. कागद टाचणीने लावला काय आणि दोऱ्याने बांधला काय, त्याने फरक पडत नाही. तेथे मोडी जाणणारा माणूसच बसवावा लागतो. तो बालबोधीत उतरवून देतो आणि मग काम पुढे सरकते. मात्र कसरीने खाल्लेली अक्षरे त्यालाही परत आणता येत नाहीत. हे दुसरे वाक्यही लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

स्वस्त जोडाचा भ्रम

बाजारात व्हिडिओ बलून या नावाचा एक जोड मिळतो. त्याच्या एका बाजूस बीएनसी आणि दुसऱ्या बाजूस आरजे-४५ खाच किंवा दोन स्क्रू असतात. रूप पाहून कोणाचीही अशी समजूत व्हावी की, आपल्याला हवा तो हाच. परंतु बलूनचे काम केवळ वाहतुकीचे आहे. गोल केबलीतील संकेत तो पिळाच्या तारांच्या जोडीवरून नेण्यायोग्य करतो, आणि पलीकडच्या टोकाला तसाच दुसरा बलून लावून तो संकेत पुन्हा डीव्हीआरकडे द्यावयाचा असतो. संकेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ॲनालॉगच राहतो. असा बलून एनव्हीआरच्या किंवा नेटवर्क स्विचच्या खाचेत घातल्यास पडद्यावर काहीही उमटत नाही. काही एनव्हीआरच्या खाचांतून कॅमेऱ्याला वीजही पुरविली जाते. त्यांतील ठरीव मानकाची उपकरणे समोर कोण आहे याची खात्री केल्याखेरीज वीज सोडत नाहीत. पण काही स्वस्त स्विच कसलीही विचारपूस न करता ती सोडतात. तेव्हा अशा ठिकाणी बलून लावून पाहण्याचा प्रयोग न केलेला बरा. देयकावर ‘बीएनसी ते आरजे-४५ कन्व्हर्टर’ असे लिहिलेले असले आणि त्या वस्तूला स्वतःचा वीजपुरवठा नसला, तर तो रूपांतर करणारा नव्हे, एवढी खूण सामान्य माणसालाही पुरेशी आहे.

मधला दुभाषी

रूपांतर करणाऱ्या खऱ्या उपकरणाला व्हिडिओ एन्कोडर म्हणतात. जुन्या माहितीपत्रकांत त्यालाच व्हिडिओ सर्व्हर म्हटलेले आढळते. त्याला एका बाजूस बीएनसी खाचा असतात, एक, चार, आठ किंवा सोळा. दुसऱ्या बाजूस एकच आरजे-४५ खाच, आणि शिवाय वीजपुरवठा. आत येणारा ॲनालॉग संकेत तो आकड्यांत आणतो, एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने आवळतो आणि जाळ्यावर सोडतो. एनव्हीआरच्या दृष्टीने एन्कोडरची प्रत्येक खाच म्हणजे एक स्वतंत्र नेटवर्क कॅमेराच होय. म्हणून चार खाचांचा एन्कोडर एनव्हीआरचे चार चॅनेल अडवितो, हे संख्या ठरविताना विसरू नये.

दोन निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत यासाठी ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये पुढाकार घेऊन ओनव्हिफ नावाची सामाईक बोली ठरविली. एन्कोडर आणि एनव्हीआर दोन्ही ओनव्हिफ जाणणारे असतील तर जुळणी बहुतेक वेळा होते. तेही जमले नाही तर आरटीएसपी या पद्धतीने चित्रप्रवाहाचा पत्ता एनव्हीआरमध्ये हाताने लिहिता येतो. मात्र ही सोय सर्व एनव्हीआरमध्ये नसते, म्हणून ती आधी विचारून घ्यावी.

एन्कोडर विकत घेण्यापूर्वी आपल्याच कपाटात डोकावणे शहाणपणाचे ठरेल. जुना डीव्हीआर चालू स्थितीत असेल आणि त्याला नेटवर्कची खाच असेल, तर तोच एन्कोडरचे काम करू शकतो. जुने कॅमेरे त्याला जोडलेले तसेच राहू द्यावेत, डीव्हीआर जाळ्याला जोडावा आणि त्याचे चॅनेल एनव्हीआरमध्ये नोंदवावेत. दोन्ही यंत्रे एकाच कंपनीची असतील तर हे सुलभ होते. यात एक पैसाही खर्च होत नाही. शिवाय मुद्रण दोन जागी होते, हा आणखी लाभ. फार जुन्या डीव्हीआरची मांडणी केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडत असे. त्या ब्राउझरचा आधार १५ जून २०२२ रोजी काढून घेण्यात आला. तथापि, एज या ब्राउझरमध्ये इंटरनेट एक्सप्लोररसारखे वागण्याची सोय ठेवलेली आहे, तिचा उपयोग करून पाहावा. तिसरा मार्ग संमिश्र रेकॉर्डरचा. एनव्हीआर अद्याप खरेदी केलेला नसेल, तर गोल आणि चौकोनी दोन्ही प्रकारचे कॅमेरे घेणारा रेकॉर्डर मागवावा, म्हणजे एन्कोडरचा प्रश्नच उद्‌भवत नाही. जेथे निर्णय व्हावयाचा आहे तेथे माझ्या मते हाच मार्ग सर्वांत सरळ आहे. आश्चर्य असे की, मागणीपत्रात तो क्वचितच लिहिला जातो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. २०१० नंतरच्या दशकात टीव्हीआय, सीव्हीआय आणि एएचडी या नावांचे अधिक स्पष्ट चित्र देणारे ॲनालॉग कॅमेरे आले. त्यांची केबल तीच, जोडही तोच. संकेत मात्र निराळा. जुन्या पद्धतीचा एन्कोडर अशा कॅमेऱ्याला लावल्यास चित्र येत नाही आणि दोष कॅमेऱ्यावर ढकलला जातो. कॅमेऱ्याच्या शेपटीवर लहानशी कळ असल्यास तिने तो जुन्या, म्हणजे सीव्हीबीएस, संकेतावर आणता येतो. पण तसे करणे म्हणजे चांगले चित्र मुद्दाम खराब करून घेणे होय. त्यापेक्षा त्या विशिष्ट संकेताचा एन्कोडर किंवा रेकॉर्डर घ्यावा. तेव्हा कॅमेऱ्यावरील चिठ्ठी वाचल्याशिवाय मागणी लिहू नये.

कोणता कॅमेरा ठेवावा, कोणता बदलावा?

कसरीने खाल्लेल्या अक्षरांची गोष्ट येथे उपयोगी पडते. एन्कोडर चित्र पोहोचवितो; ते सुधारीत नाही. जुन्या कॅमेऱ्याचे चित्र आकड्यांत आणले की ७०४ आडवे आणि ५७६ उभे बिंदू मिळतात, म्हणजे एकंदर सुमारे चार लाख. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या आजच्या साध्या कॅमेऱ्यातून वीस लाखांहून अधिक मिळतात. एनव्हीआरच्या मोठ्या पडद्यावर जुने चित्र ताणून मोठे दिसेल. बिंदू मात्र तेवढेच राहतील.

बिंदूंची संख्या केवळ सांगून भागत नाही. तिचे मीटरमध्ये रूपांतर केले म्हणजे अर्थ स्पष्ट होतो. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत असे धरले होते की, अनोळखी माणसाची ओळख निःशंकपणे पटविण्यासाठी दृश्याच्या रुंदीच्या प्रत्येक मीटरला २५० बिंदू हवेत. ओळखीचा माणूस ओळखण्यास १२५ पुरतात. आणि कोणीतरी आहे एवढेच कळण्यास २५. आता ७०४ ला २५० ने भागा. उत्तर येते सुमारे २.८ मीटर. म्हणजे जुना कॅमेरा पावणेतीन मीटर रुंदीच्या दृश्यातच अनोळखी चेहरा ओळखण्याजोगा दाखवू शकतो. ओळखीच्या माणसासाठी ही रुंदी साडेपाच मीटरच्या आसपास जाते. त्यापलीकडे, २८ मीटर रुंदीच्या पटांगणावर, तो फक्त ‘एक आकृती गेली’ एवढीच साक्ष देतो. १९२० बिंदूंच्या कॅमेऱ्यासाठी पहिला आकडा ७.७ मीटर इतका येतो.

या साध्या भागाकाराने निर्णय पुष्कळ सोपा होतो. कार्यालयाचा दरवाजा, दप्तरखोलीचे दार, शाळेच्या वऱ्हांड्याचे टोक, संगणक कक्ष, रोखपालाची खिडकी या जागी दृश्य अरुंद असते. तेथे सुस्थितीतला जुना कॅमेरा एन्कोडरवर ठेवण्यास काहीच हरकत नाही. पटांगण, मुख्य रस्ता, बाजाराचे मैदान, वाहनांचा क्रमांक वाचावयाचा नाका या जागी तो ठेवणे म्हणजे कॅमेरा आहे अशी समजूत करून घेऊन स्वस्थ बसणे होय. मुलामुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न जेथे आहे तेथे अशी खोटी निश्चिंती कॅमेरा नसण्यापेक्षाही घातक ठरते, कारण कॅमेरा नसता तर तेथे निदान माणूस उभा केला गेला असता. जुने आठ कॅमेरे असतील तर आठही ठेवावेत किंवा आठही टाकावेत असे नसून, फितीने दृश्याची रुंदी मोजून प्रत्येकाचा स्वतंत्र निर्णय करावा.

कॅमेरा बदलावयाचा पण भिंतीत गाडलेली केबल उपसणे शक्य नाही, अशीही स्थिती असते. त्यासाठी गोल केबलीवरून संगणकाच्या जाळ्याचा प्रवाह नेणारे जोडउपकरण मिळते. ते दोन्ही टोकांना लावून नवा कॅमेरा जुन्या केबलीवर चालविता येतो. नेटवर्कच्या तारेची मर्यादा १०० मीटर असल्याने लांबच्या जागी हा उपाय अधिकच सोयीचा पडतो.

प्रत्यक्ष जोडणी

समजा, एका माध्यमिक शाळेत चार जुने कॅमेरे ठेवण्याचे ठरले आहे आणि आठ चॅनेलचा एनव्हीआर आलेला आहे. काम कॅमेऱ्यापासून सुरू करावे, एनव्हीआरपासून नव्हे. पिवळी खाच असलेला जुना दूरचित्रवाणी संच घेऊन बीएनसीला लहानसा पिनजोड लावला की कॅमेऱ्याचे चित्र थेट पाहता येते. येथे चित्र आले नाही तर दोष कॅमेरा, केबल किंवा १२ व्होल्टच्या पुरवठ्यात आहे. एन्कोडरला बोल लावण्यात अर्थ नाही. ही तपासणी दिवसा एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा करावी. रात्री कॅमेऱ्यातील अवरक्त दिवे लागले की तो अधिक वीज ओढतो. तार लांब व बारीक असेल तर दाब उतरतो आणि दिवसभर व्यवस्थित चालणारा कॅमेरा रात्री नेमका डोळे मिटतो. चोरीनंतर ‘कॅमेरा होता पण चित्र नाही’ असे जे ऐकू येते, त्यामागे पुष्कळदा हेच साधे कारण असते.

चित्राची खात्री झाली की चारही केबली एन्कोडरला जोडाव्यात आणि कोणती केबल कोणत्या खाचेत आहे ते चिकटपट्टीवर लिहून लावावे. नंतर एन्कोडर जाळ्याच्या स्विचला जोडावा. प्रत्येक उपकरणाला जाळ्यात स्वतःचा पत्ता असतो. एन्कोडरचा कारखान्यातला पत्ता आणि एनव्हीआरचा पत्ता निराळ्या मालिकेतले असतील तर दोघांची भेट होत नाही. उदाहरणार्थ, एनव्हीआर १९२.१६८.१ या मालिकेत असेल तर एन्कोडरलाही त्याच मालिकेतला, दुसऱ्या कोणी न घेतलेला, कायमचा पत्ता द्यावा. ज्या एनव्हीआरच्या पाठीवर कॅमेऱ्यांसाठी वेगळ्या खाचा असतात, त्या खाचांचे जाळे आतल्या आत निराळे असते. एन्कोडर कार्यालयाच्या स्विचवर असेल तर तो एनव्हीआरच्या मुख्य नेटवर्क खाचेतूनच शोधावा लागतो.

यानंतर घड्याळ. दोन्ही यंत्रांची तारीख, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ आधी जुळवावी. हा केवळ नीटनेटकेपणाचा भाग नाही. ओनव्हिफच्या ओळख पटविण्याच्या रीतीत वेळेचा शिक्का असतो. घड्याळांत मोठा फरक असेल तर परवलीचा शब्द बरोबर असूनही एनव्हीआर ‘प्रवेश नाकारला’ असेच सांगत राहतो. काही उपकरणांत ओनव्हिफ मुळात बंद ठेवलेले असते आणि त्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार करावा लागतो. एवढे झाल्यावर एनव्हीआरमध्ये कॅमेरा जोडण्याच्या पानावर एन्कोडरचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द भरावा. चारही चॅनेल एकामागून एक दिसू लागतात. कॅमेरा व एन्कोडर यांची पद्धत पाल हीच असल्याची खात्री करावी. ती एनटीएससीवर राहिली असेल तर चित्र घरंगळते किंवा रंग जातात.

मुद्रण सुरुवातीला अखंड ठेवावे. हालचाल झाली तरच मुद्रण करण्याची सोय आकर्षक वाटते. परंतु एन्कोडर एका कंपनीचा आणि एनव्हीआर दुसऱ्या कंपनीचा असल्यास हालचालीची वर्दी पोहोचतेच असे नाही, आणि हे घटना घडून गेल्यावरच कळते.

एन्कोडर हाही लहानसा संगणक आहे आणि संगणकाचे धोके त्याला लागू आहेत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक कार्यक्रमाने कारखान्यातले परवलीचे शब्द न बदललेले कॅमेरे व डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील अनेक प्रमुख संकेतस्थळे काही तास अडवून धरली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. पहिला परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा आणि एन्कोडर इंटरनेटवर उघडा ठेवू नये.

काही नेहमीचे दोष

चित्रावर आडवे पट्टे हळूहळू वर सरकताना दिसले तर दोन इमारतींच्या अर्थिंगमधील फरक हे बहुधा कारण असते. कॅमेरा व एन्कोडर एकाच पुरवठ्यावर घ्यावेत किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा. चित्र एकाएकी अंधुक झाले तर एकाच केबलीला टी-जोड लावून ती डीव्हीआर आणि एन्कोडर दोघांनाही दिलेली नाही ना, ते पाहावे. ही केबल ७५ ओहमच्या एकाच शेवटासाठी असते. दोन शेवट लागले की संकेत अर्धामुर्धा होतो. पळणाऱ्या माणसाच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात, तो दोष नव्हे. जुने चित्र विषम व सम ओळींच्या दोन हप्त्यांनी काढले जाते त्याचा तो परिणाम. उघड्यावरून गेलेल्या लांब केबलीला वळवाच्या पावसापूर्वी विजेपासून बचावाचे साधन लावून घ्यावे, नाहीतर एका कडकडाटात कॅमेऱ्यासह एन्कोडरही जातो.

साठवण आणि साक्ष

जुन्या कॅमेऱ्याच्या चित्राला सेकंदाला १ मेगाबिट एवढा प्रवाह साधारणपणे पुरतो. त्याचा हिशेब दिवसाला १०.८ जीबी होतो. चार कॅमेऱ्यांचा ३० दिवसांचा १,२९६ जीबी. त्याच एनव्हीआरवर सेकंदाला ४ मेगाबिट घेणारे चार नवे कॅमेरे आले, तर त्यांचे ३० दिवसांचे ५,१८४ जीबी होतील. दोन्ही मिळून साडेसहा हजार. म्हणजे ८ टीबीची तबकडी घ्यावी लागेल. किती दिवसांचे चित्रण ठेवावयाचे हे आधी ठरवून मग तबकडी घ्यावी, उलट नव्हे. पोलीस ठाण्यांतील चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष, जपावे असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितले आहे. १८ महिन्यांचा हिशेब केला तर या चार जुन्या कॅमेऱ्यांनाच सुमारे २३,६०० जीबी लागतील.

चित्रण साठविण्याचा उद्देश प्रसंगी ते पुरावा म्हणून उपयोगी पडावे हा असतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत एक उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर दाखल झाला की काय, हा वाद निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या आतबाहेर असलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावर येऊन ठेपला होता. चित्रणासोबत द्यावयाचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नव्हते. या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचे स्पष्ट केले. मात्र पक्षकाराने आपल्या हातचे सर्व प्रयत्न केले असतील तर त्याला दोष देता येणार नाही, असेही सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच तरतूद अधिक तपशिलाने आली असून, प्रमाणपत्राचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात फाइलीचा हॅश, म्हणजे तिची आकडी खूण, नोंदवावी लागते.

एन्कोडर मध्ये आल्याने या कामी एक गोष्ट वाढते. पूर्वी घड्याळ एकच होते, डीव्हीआरचे. आता एन्कोडरचे आणि एनव्हीआरचे अशी दोन होतात, आणि काही कॅमेरेही स्वतःची वेळ चित्रावर छापतात. एकाच चित्रावर दोन निरनिराळ्या वेळा दिसल्या तर उलटतपासणीत काय होईल हे सांगावयास नको. चित्रावर फक्त एनव्हीआरचीच वेळ ठेवावी, बाकीच्या बंद कराव्यात. केबलीपासून चॅनेलपर्यंतची नोंद, परवलीचे शब्द बदलल्याच्या तारखा आणि घड्याळ तपासल्याच्या तारखा एका वहीत ठेवाव्यात. प्रमाणपत्र देणाऱ्या मुख्याध्यापकांना किंवा ग्रामसेवकांना ती वहीच आधार देईल.

मागणीपत्रात काय लिहावे?

‘कन्व्हर्टर, नग ४’ असे लिहिल्यास बलून येण्याचीच शक्यता अधिक. त्याऐवजी चार चॅनेलचा व्हिडिओ एन्कोडर, कॅमेऱ्यावरील चिठ्ठीप्रमाणे सीव्हीबीएस, टीव्हीआय, सीव्हीआय किंवा एएचडी संकेत घेणारा, पाल पद्धतीचा, एच.२६४ प्रवाह देणारा, ओनव्हिफ जाणणारा, आणि कार्यालयातील अमुक बनावटीच्या एनव्हीआरवर चारही चॅनेल प्रत्यक्ष दाखवून दिल्यावरच देयक मंजूर होईल, असे लिहावे. शेवटची अट सर्वांत मोलाची आहे. त्यासोबत नवे कॅमेरे घ्यावयाचे असल्यास, ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र शासनाने सुरक्षिततेच्या चाचण्या बंधनकारक केल्या आहेत, त्यांचे प्रमाणपत्र मागावे.

बाद झालेला डीव्हीआर आणि कॅमेरे जडवस्तू संग्रह नोंदवहीतून कमी करताना निर्लेखनाची रीतसर कार्यवाही करावीच. परंतु लिलावापूर्वी डीव्हीआरमधील तबकडी काढून घ्यावी. एखाद्या तक्रारीची चौकशी चालू असेल तर ती मोहोरबंद करून ठेवावी लागेल. तशी चौकशी नसेल तर ती पुसून किंवा मोडून टाकावी, आणि उरलेला भाग भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रीकरण केंद्राकडे पाठवावा.